किल्ला नसलेल्या कातळास खुले पत्र

प्रति : शहरालगतचा कातळ, रेल्वेमार्गाच्या वर, मुंब्रा.
विषय : किल्ला नसताना उभे राहिल्याबाबत.

महाराष्ट्रात डोंगराला प्रतिष्ठा मिळते ती माथ्यावरच्या तटबंदीमुळे. महाराज येऊन गेले असतील तर उत्तम. नसतील तर निदान पाण्याचे टाके आणि पिठले-भाकरीची सोय अपेक्षित असते. सदर कातळाकडे यांपैकी काहीही नाही. मुंब्रादेवीचे देऊळ याच डोंगरावर आहे, पण भाविक पायऱ्यांनी जातात; कातळापुढे नारळ कोणी फोडत नाही. याच पारसिक डोंगराच्या पोटातून बोगदा काढून रेल्वेनेही १९१६ साली डोंगर चढण्याचा प्रश्न निकालात काढला. तरीही मुंबई-ठाण्याची पोरे रविवारी सकाळची लोकल पकडून याच कातळाला भिडतात, ही बाब गंभीर आहे.

कातळाचा पूर्वेतिहासही संशयास्पद आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून थिजले आणि दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. थराचा मधला भाग घट्ट, तर माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. घट्ट भाग कडा होऊन उभा राहतो, सच्छिद्र भाग झिजून कपारी होतात. थिजताना दगड आकसतो, त्याला उभ्या भेगा पडतात. या भेगांत चढणारा मूठ अडकवतो, कपारीच्या धारेवर बोटांची पेरे टेकवतो. लबाडी अशी, की बोटभर खाच अख्ख्या देहाचा भार घेते आणि परातीएवढी कपची अलगद हातात येते. म्हणून जाणकार आधी दगडावर मूठ आपटून बघतो. खणखणीत वाजला तर भार टाकायचा, बद वाजला तर दुसरी पकड शोधायची.

चढाईची रीत त्यामानाने साधी. लहान कड्यावर नवख्यांसाठी दोर माथ्यावरच्या पक्क्या आधारातून फिरवून खाली सोडतात. एक टोक आठाच्या गाठीने चढणाऱ्याच्या हार्नेसला, दुसरी बाजू खाली बिले देणाऱ्याच्या, म्हणजे दोर ताणून सांभाळणाऱ्याच्या, हातात. पकड सुटली तर माणूस थोडासा खाली येऊन लोंबकळतो आणि खालून कोणीतरी ओरडते, “पाय बघ, पाय!” नवख्याचा पायांवर विश्वास नसतो, तो सगळा भार हातांवर ओढतो आणि निम्म्या वाटेतच त्याची बोटे उघडतात. हे उमगायला काही रविवार जातात. बिले देणाऱ्याची मान तेवढ्यात अवघडून जाते, त्याची दखल कोणी घेत नाही.

या सगळ्यावर सभ्य उपाय म्हणजे कृत्रिम भिंत. २०१६ साली ‘गिरिविहार’ या गिर्यारोहण संस्थेने नवी मुंबईत बोल्डरिंगची, म्हणजे दोराविना बुटक्या भिंतीवर चढण्याची, विश्वचषक स्पर्धा भरवली, तेव्हा देशोदेशींचे आरोहक भिंतीवर बसवलेल्या रंगीत पकडींवर चढले. २०२१मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आरोहणाचा खेळ पहिल्यांदा आला, तोही भिंतीवरच. भिंतीवरची पकड पाना फिरवून बदलता येते. कातळाला हे शिस्तीचे वळण नाही. एक खाच कोणी छिन्नीने रुंद केली, की ती चढाई त्याच्यानंतरच्या सर्वांसाठी कायमची बाटली.

राहिल्या किरकोळ तक्रारी. सदर कातळ अंगावर ऑइलपेंटने नावे लिहू देतो. बदामातून गेलेला बाण कैक पावसाळे टिकतो आणि रंगावरून बूट घसरतो. पायथ्याशी बाटल्या फोडल्या, तरी तो हूं की चूं करत नाही. पारसिकच्या रांगेत खाणी लागल्या, डोंगराची खडी झाली, तिच्यावर शहर उभे राहिले. या व्यवहारातही कातळाची हरकत नोंदवलेली आढळत नाही.

कड्यावर हरकत घेणारे एकच असते, ते म्हणजे आग्या मोहोळ. धूर, अत्तर आणि आरडाओरडा यांची दखल ते त्याच मिनिटाला घेते आणि दोरावर लटकलेल्या माणसाला तेव्हा पळताही येत नाही.

कळावे.