जावई शेजाऱ्याच्या पसंतीचा

‘निवडून येण्याची क्षमता हाच निकष’ असं आपल्याकडे नेते म्हणाले की निष्ठावंत कार्यकर्ता ओळखतो, आपला पत्ता कटला. अमेरिकेत पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार प्रायमरीत मतदारच ठरवतात. म्हणजे आपला पत्ता आपल्याच हातानं कापायची सोय.

आयोवा राज्याची तऱ्हा तर औरच. डेमोक्रॅट मंडळी ऐन थंडीत शाळेच्या जिममध्ये जमायची आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभी राहायची. मतपेटी नाही, पडदा नाही. ज्या कोपऱ्यात साधारण १५ टक्के डोकी भरली नाहीत, तिथल्यांनी मुकाट दुसरा कोपरा गाठायचा. अशा ठिकाणी माणूस उमेदवाराकडे कशाला बघेल? तो शेजाऱ्याकडे बघतो. ‘मला आवडतो हो हा, पण काठावरच्या ओहायोवाल्यांना चालेल का?’ ओहायोवाल्यांना अर्थातच कुणी विचारलेलं नसतं.

२००४ साली या मंडळींचा जीव हॉवर्ड डीन यांच्यावर जडला होता. इराक युद्धाला उघड विरोध करणारा रोखठोक गडी. पण बोहल्यावर चढायची वेळ आली तशी अक्कल सुचली आणि माळ पडली जॉन केरींच्या गळ्यात. ‘फिरलो डीनबरोबर, लग्न केरीशी’ अशा अर्थाचे बिल्लेही निघाले. स्थळ खणखणीत! उंचापुरा, सिनेटर, व्हिएतनामात लढलेला, जखमांची तीन पदकं. इराक युद्धाच्या ठरावाला यांनीच मत दिलं होतं, पण पत्रिका जुळत असताना असलं कोण उकरतो? समोरचे अध्यक्ष बुश व्हिएतनाम युद्धाच्या काळात टेक्सासच्या एअर नॅशनल गार्डमध्ये होते, तेव्हा देशभक्तीवर बोट ठेवायची कुणाची टाप? बोस्टनच्या अधिवेशनात केरींनी कडक सॅल्यूट ठोकला. पुढच्याच महिन्यात काही माजी नौसैनिकांनी जाहिराती काढल्या, त्या नेमक्या या लष्करी कामगिरीवरच शंका घेणाऱ्या. नोव्हेंबरात ओहायो गेलं आणि ओहायोबरोबर अध्यक्षपदही.

जाणकारांचा अंदाज हा स्वतंत्र विनोद. रेगन म्हणे फार उजवे, शिवाय म्हातारे. १९८० मध्ये त्यांनी ४४ राज्यं घेतली. २०१५ मध्ये हफिंग्टन पोस्टनं ट्रम्प यांच्या बातम्या मनोरंजन विभागात टाकल्या. करमणूक झाली, यात वाद नाही.

खोटं कशाला बोला, कधी नेम लागतोही. २०२० मध्ये बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले, तरी ‘ट्रम्पना हाच पाडील’ या भरवशावर उमेदवार झाले आणि त्यांनी पाडलंही. हाच दावा करत मायकेल ब्लूमबर्गही उतरले होते. खर्च १ अब्ज डॉलरच्या वर. जिंकलं काय, तर पॅसिफिक महासागरातलं अमेरिकन सामोआ. तिथल्या रहिवाशांना नोव्हेंबरात अध्यक्षपदासाठी मत देण्याचा अधिकारच नाही.