दुसरा प्रकल्प

आमच्या घरात आजवर दोन प्रकल्प आले. पहिला बंदराचा, दुसरा माझा. पहिल्यात जमीन गेली. दुसऱ्यात आईची एक पाटली, बाबांची पतपेढीतली ठेव आणि गणपतीच्या मखरासाठी बाजूला काढलेले पैसे गेले. पहिल्या प्रकल्पाविरुद्ध निदान मोर्चा तरी काढता आला. दुसरा प्रकल्प समोर पाटावर बसून चौथी भाकरी मागत होता.

गाव जासई, तालुका उरण. दि. बा. पाटलांचं गाव. १९८४ च्या जानेवारीत त्यांच्याच नेतृत्वाखाली जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी इथे आंदोलन पेटलं, पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्यामुळे आमच्याकडची पोरं पाढ्यांच्या आधी टक्केवारी शिकतात. अशा हिशेबी गावात मी एके दिवशी जाहीर केलं, की मी युरोपात जाऊन सायकलच्या शर्यतीत उतरणार.

बाबांना सायकलची शर्यत माहीत होती ती एकच, मुंबई-पुणे. त्यात बोरघाट पहिला चढेल तो घाटाचा राजा. मी बेल्जियमच्या ज्या भागात जाणार होतो तिथे घाटच नाहीत, नुसत्या टेकड्या आहेत, हे ऐकल्यावर त्यांचा त्या देशावरचा विश्वास उडाला. पुढे मोटारसायकलच्या किमतीत सायकल घरी आली, तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि शांतपणे विचारलं, "इंजिन मागनं येनार हाय का?"

सराव जासईतच. पहाटे साडेचारला निघायचं. पळस्पे, कर्नाळ्याची खिंड, पेण आणि परत. अटल सेतू आमच्या शेजारी चिर्ल्याला उतरतो. जवळजवळ बावीस किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता, पण त्यावर सायकलला मज्जाव. उपासाच्या दिवशी शेजारच्या घरात चिंबोऱ्या शिजाव्यात, तसं ते दुःख आहे. माझ्या वाट्याला बंदराकडे जाणारे ट्रेलर आले. चाळीस फुटी कंटेनर बाजूने गेला की तो आधी तुम्हाला रस्त्याबाहेर ढकलतो आणि मग पोटाशी ओढतो. भावकीत वाढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. पण अंगाला ही सवय झाल्यावर मला वाटू लागलं, की वारा म्हणजे काय ते आपल्याला कळलं. हा गैरसमज मी व्हिसाबरोबर घेऊन गेलो.

व्हिसा नव्वद दिवसांचा. २०२४ चा उन्हाळा. मुक्काम फ्लँडर्समधल्या औडनार्डजवळ, एका आजीबाईंच्या घरात माडीवरच्या खोलीत. सोबत न्यूझीलंडचा एक पोरगा. पहिल्याच रविवारी घराची आठवण आली म्हणून मी तव्यावर सुकट भाजली. त्या पोराने आधी न्हाणीघराची मोरी तपासली, मग माझे बूट, आणि शेवटी सायकल घेऊन तो अंगणात झोपायला गेला.

तिथे उन्हाळाभर गावोगाव केर्मिस भरते. मुळात ही चर्चच्या वर्धापनदिनाची प्रार्थना. आता पाळणे, खाणं, बिअर आणि सायकलची शर्यत. म्हणजे थेट आपली जत्रा, फक्त बैलांच्या जागी आम्ही. गावाभोवती पाच-दहा किलोमीटरचा फेरा असतो. शंभर-सव्वाशे किलोमीटर भरेपर्यंत तोच फेरा पुन्हा पुन्हा मारायचा. नावनोंदणी गावच्या दारूच्या गुत्त्यात. तिथेच अनामत भरून पाठीवर लावायचा नंबर घ्यायचा. आपल्याकडे २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना अटी घालून परवानगी दिली, तेव्हापासून बैलालासुद्धा तपासणीचा दाखला लागतो. माझ्याकडे दाखला होता, फेडरेशनचा परवाना होता आणि परदेशी शर्यतीसाठीचं परवानगीपत्रही होतं. बैलापेक्षा दोन कागद जास्त.

टेबलामागच्या बाईंनी परवाना उलटसुलट पाहिला आणि माझा वर्ग सांगितला, "एलिट झोंडर कॉन्ट्रॅक्ट." झोंडर म्हणजे विना. कोणत्याही संघाशी करार नसलेला हौशी खेळाडू. मला घाम फुटला. ज्या गावात 'पर्मनंट' हा आशीर्वाद आहे आणि 'कंत्राटी' हा शब्द निघाला की जेवणाच्या पंगतीत शांतता पसरते, त्या गावातून मी सात हजार किलोमीटर उडून आलो होतो, आणि इथे कंत्राटही नव्हतं. तेविसाच्या आतल्या पोरांचा वर्ग वेगळा. त्यांना म्हणतात 'बेलोफ्टन', म्हणजे आश्वासनं. मी चोविसाचा, त्यामुळे आश्वासनांतूनही बाद. शर्यतीत मात्र सगळे एकाच रेषेवर उभे. एका बाजूला आश्वासनं, दुसऱ्या बाजूला बिनकंत्राटी. जासईच्या माणसाला हे दृश्य मुळीच परकं वाटलं नाही.

शिट्टी झाली आणि सगळे जण घराला आग लागल्यासारखे सुटले. पहिले तीन फेरे मी घोळक्याच्या शेपटीला होतो. शेपटीची गंमत अशी, की पुढचे वळणावर जरासा वेग कमी करतात आणि मागचा जवळजवळ थांबतो. मग पुढच्यांना गाठायला त्याला दर वळणावर जीव काढून पळावं लागतं. फेऱ्यात अकरा वळणं होती. चौथ्या फेऱ्यात गाव संपलं, मक्याची शेतं संपली आणि डाव्या बाजूने वारा आला.

आडवा वारा आला की तिथले लोक तिरप्या रांगेत जातात, प्रत्येक जण पुढच्याच्या आडोशाला. या रचनेला ते 'वायर' म्हणतात, म्हणजे पंखा. अडचण एवढीच, की रस्त्याच्या रुंदीत पंधरा-वीसच जण मावतात. उरलेले पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यांसारखे रस्त्याच्या कडेला, गटाराला चिकटून, एकामागे एक. मी त्या रांगेतला शेवटचा पाहुणा. पुढच्याच्या चाकापासून आधी वीतभर सुटलो, मग हातभर. मग समोर नुसता रस्ता राहिला. पुढच्या फेऱ्याला एका अधिकाऱ्याने, ताटावरची माशी हाकलावी तसं, मला हाताने बाजूला केलं. खुर्ची टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला बिअर देऊ केली. त्याच्या चेहऱ्यावर दया होती. दयेपेक्षा बिअर बरी.

रात्री बाबांचा फोन.

"नंबर लागला का?"

"लागला," मी म्हणालो. नंबर खरोखरच पाठीला लागला होता, चार पिनांनी.

"कितवा?"

"एकशे सात."

"आनि होते किती जन?"

"एकशे वीस."

पलीकडे क्षणभर शांतता. मग बाबा घरात ओरडले, "आगं, पोऱ्यानं तेरा गोऱ्यांना मागं टाकलं!"

आता यात दुरुस्ती कशी करणार? दुसऱ्या दिवशी ही बातमी नाक्यावर पोचली तेव्हा तेराचे तेवीस झाले होते.

दगडी रस्त्यांवर तरी आपण भाव खाऊ, अशी आशा होती. कॉपेनबर्ग नावाची टेकडी आहे. चढ जेमतेम सहाशे मीटर, पण सगळा दगडगोट्यांचा आणि सर्वांत उभ्या जागी बावीस टक्के. आमच्या पावसाळ्यात तयार झालेल्या माणसाला खड्ड्यांचं काय भय? पण आमचे खड्डे चुकवता येतात. तिथे चुकवायला जागाच नाही, पूर्ण रस्ताच खड्डा. मी निम्म्यावर उतरलो आणि सायकल हाताने ढकलली. वर गेल्यावर कळलं, की असे कित्येक रस्ते त्या लोकांनी वारसा म्हणून कायद्याने जपलेत. आम्हीही इतकी वर्षं जपले, पण फलक लावायचं कोणाला सुचलं नाही.

अकरा शर्यती झाल्या. एकही पूर्ण नाही. बाबांचा आकडा मात्र वाढतच होता. एके रात्री आजीने फोन हातात घेतला. आजोबा मिठाचे मचवे खाडीतून न्यायचे. वाऱ्याबद्दल आमच्या घरात शेवटचा शब्द तिचाच. मी सगळं सांगितलं, पंख्यासकट.

"वाऱ्याशी कनाला भांडतंस?" ती म्हणाली. "त्यो कुठशी येतंय त्या आधी बघ. आनि कुनाच्या तरी आरोशाला रव."

तिथल्या प्रशिक्षकाने हेच दोन महिने तीन भाषांत सांगितलं होतं. पण आजीने सांगितलं तेव्हा कळलं, की मी शर्यत खेळतच नव्हतो, मी वाऱ्याशी भांडत होतो. पुढच्या वेळी मी शर्यतीआधी एक फेरा सावकाश मारला. चर्चच्या शिखरावरचा कोंबडा कुठे तोंड करून आहे ते पाहिलं. मका कोणत्या वळणानंतर संपतो ते लक्षात ठेवलं. त्या वळणाच्या आधीच खांदे घासत, शिव्या खात पुढे सरकलो आणि एका दांडग्या बेल्जियन गड्याच्या उजव्या कुशीत शिरलो. वारा आला. मागे रांग तुटली. मी पंख्याखाली होतो.

त्या दिवशी मी शर्यत पूर्ण केली. विसावा आलो. बक्षीस विसापर्यंतच होतं. गुत्त्यातल्या त्याच बाईंनी नंबर परत घेतला, अनामत दिली आणि वर एक पाकीट दिलं. त्यात दहा युरो होते.

बाबांना फोन केला. "विसावा आलो."

"विसावा?" बाबांचा आवाज पडला. "मंग तवा तेरा जनांना मागं टाकलवतंस, त्यो काय?"

घरी परतलो त्या रात्री सगळा खर्च वहीत मांडला गेला. पाटली, ठेव, मखर, तिकीट, खोलीचं भाडं. जमेच्या बाजूला दहा युरो. आईने वहीत पाहिलं आणि पदराला हात पुसत म्हणाली, "आमी प्रकल्पग्रस्त. आमचं सारेबारा टक्के काढ."

मी खिशातली चिल्लर चाचपली. एक युरोचं एक नाणं, वीस सेंटचं एक, पाच सेंटचं एक. सव्वा युरो, बरोबर. ती तीन नाणी बाबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी दिव्याखाली धरून ती उलटसुलट पाहिली, मोजली, पुन्हा मोजली. मग माझ्याकडे संशयाने पाहत म्हणाले,

"लगेच दिलंस? मना वाटलं, तीस वर्सं तरी लावशील."