बोट थांबणार नाही

कॅरिबियन क्रूझवर समुद्राची भीती कोणालाच वाटत नाही. भीती वाटते ती जमिनीची. सकाळी आठला बोट धक्क्याला लागते, संध्याकाळी पाचला सुटते आणि साडेचारपर्यंत जो चढला नाही तो राहिला. हे स्पीकरवरून, टीव्हीवरून आणि केबिनच्या दारात खोचलेल्या कागदावरून इतक्यांदा बजावतात की, बेटावर पाऊल टाकायच्या आधीच छातीत धडधड सुरू होते. या धडधडीवरचा उतारा बोटीवरच एका काउंटरला विकत मिळतो. त्याचं नाव शोअर एक्सकर्शन. बोटीकडून सहल घेतली आणि तिची बस अडकली, तर बोट थांबते. आपल्या मर्जीने हिंडायला गेलात आणि उशीर झाला, तर पुढचं बेट आपल्या खर्चाने गाठायचं. गुहा दोन्हीकडे तीच, कासवंही तीच. वरचे पैसे थांबण्याचे.

हे गणित दाजींनी सान हुआनहून बोट सुटायच्या आधीच ओळखलं होतं. दाजी म्हणजे ताईचे यजमान. मुक्काम न्यू जर्सी, पेशा सॉफ्टवेअर. बार्बाडोससाठी त्यांनी एक्सेल शीट केली होती. भाडं, ऊन, पायऱ्या, शाकाहार, बाथरूम असे रकाने, आणि प्रत्येकाला गुण. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद. शीट त्याहून लांब होती, आडवी सरकवावी लागे.

पुस्तिकेत प्रत्येक सहलीपुढे माणसाचं चित्र असतं. एक सावकाश चालणारा, एक झपझप चालणारा, एक चढणारा. ताईच्या गुडघ्यांनी पहिल्यावर बोट ठेवलं. त्यात बसली हॅरिसन्स केव्ह. बेटाचा बराचसा भाग प्रवाळाच्या चुनखडीचा; पावसाचं पाणी झिरपून पोटात गुहा झाली आणि १९८१ पासून ती लोकांना ट्राममध्ये बसवून दाखवतात. बसल्या बसल्या बघता येणारा निसर्ग ताईला मनापासून आवडतो. माझ्या बायकोला कार्लाइल बेमध्ये कासवांबरोबर पोहायचं होतं. तिला पोहता येत नाही. "लाइफ जॅकेट देतात," ती म्हणाली, "आणि कासवांना येतं की."

दाजींच्या शीटमध्ये मात्र दरवेळी रमचा कारखाना पहिला येई. ताईने विचारलं, "हे कसं काय?" तर म्हणाले, "अगं, ती दारू नाही, तो इतिहास आहे. माउंट गेचा सगळ्यात जुना कागद १७०३ चा आहे. तेव्हा औरंगजेब सह्याद्रीत किल्ले घेत हिंडत होता."

"मग सिंहगडावर जाऊन पीत होतात का कधी?"

इतिहासाचे गुण कमी झाले. त्याच ओघात कळलं की, जॉर्ज वॉशिंग्टन जन्मात एकदाच परदेशी गेला तो इथेच, १७५१ साली, आणि त्याला देवी आल्या. त्याने सहल बोटीकडून घेतली नसणार, असं दाजींचं मत पडलं.

चर्चा दोन्ही बाजूंनी इतकी सखोल झाली की, ती संपेपर्यंत गुहेचं बुकिंग भरलं. कासवंही गेली. काउंटरवरच्या मुलीने अत्यंत गोड हसून उरलेली सहल सांगितली. त्यापुढे चढणाऱ्या माणसाचं चित्र होतं.

मी इतका वेळ गप्प होतो, कारण मला जिथे जायचं होतं ते आमच्या पुस्तिकेतच नव्हतं. धक्क्यापासून रमतगमत चालत जाण्यासारखं केन्सिंग्टन ओव्हल. जिथे २९ जून २०२४ ला भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक घेतला, ते मैदान. मराठी माणूस बार्बाडोसच्या ब्रिजटाउनला येऊन कासवं बघून परत जातो, हे मला पटत नव्हतं. हे मी बोलून दाखवल्यावर बायको म्हणाली, "जाऊ या. चालायचं नाही पण."

सकाळी पहिली अडचण दाजींच्या थ्री-फोर्थने आणली. ती आर्मी प्रिंटची होती. बार्बाडोसमध्ये साध्या नागरिकाला लष्करी छापाचे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, पर्यटकालासुद्धा. दाजी पोटावर हात ठेवून म्हणाले, "मी कुठल्या अंगाने सैनिक दिसतो?" ताईने लग्नानंतरची सगळी वर्षं आठवून "कुठल्याच नाही" असं सांगितलं, पण पँट बदलायला लावली. नवी पँट पांढरी होती आणि पुढे जे झालं त्याला ती कारणीभूत आहे.

धक्क्याबाहेर टॅक्सीवाल्याने भाडं सांगितलं. दाजींनी सवयीने निम्म्यावरून सुरुवात केली. तो शांतपणे म्हणाला, "कुठले डॉलर?" इथे बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, आणि चालतात दोन्ही. दाजींनी अमेरिकन डॉलरमध्ये निम्मं मागितलं होतं. त्याने बार्बाडोसच्या डॉलरमध्ये सांगितलं होतं. म्हणजे घासाघीस करून ते मूळ आकड्यावर पोचले. टॅक्सीवाला तत्काळ कबूल झाला. न्यू जर्सीत राहून इतकं जलद यश दाजींना कधी मिळालं नव्हतं. गाडीत बसेपर्यंत ते खुशीत होते.

ओव्हलबाहेर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे. आत ज्याचं नाव वाचावं तो आपल्या लहानपणीच्या रेडिओतून ओळखीचा: वॉरेल, वीक्स, वॉलकॉट, ग्रीनिज आणि हेन्स, हॉल आणि ग्रिफिथ, एक टोक माल्कम मार्शलचं, एक जोएल गार्नरचं. देवळात प्रदक्षिणा घालताना हात जोडत जावं तसा मी स्टँड-स्टँडपुढे थबकत होतो. फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने आम्हाला "इंडिया?" एवढं विचारून आत घेतलं होतं.

ग्रिफिथच्या नावापुढे जरा जास्त थांबलो. १९६२ साली याच मैदानावर त्याचा चेंडू भारताच्या नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर बसला आणि कवटी फुटली. त्याला रक्त दिलं त्यांत आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी होते, आणि वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही. ताईने हे ऐकलं आणि वॉरेलच्या स्टँडकडे बघून खरोखरच हात जोडले.

एवढ्यात मागून रखवालदार ओरडला. दाजी सीमारेषेपलीकडे गुडघ्यावर बसले होते. फायनलनंतर रोहित शर्माने खेळपट्टीवरचा कण तोंडात टाकला होता, तसा फोटो त्यांना हवा होता. खेळपट्टी दूर होती म्हणून त्यांनी जवळच्या गवतावर भागवायचं ठरवलं होतं.

"नो, सर!" रखवालदार म्हणाला. "त्या दिवसापासून इंडियाहून येणारा प्रत्येक जण माझं गवत खायला बघतो."

दाजी उठले. पांढऱ्या पँटवर दोन हिरवे गुडघे. मग म्हाताऱ्याने त्यांना फायनलमध्ये सूर्यकुमारने झेल घेतला ती बाजू दाखवली, दोरीशी कसा आत-बाहेर झाला ते स्वतः करून दाखवलं आणि शेवटी अगदी सहज विचारलं, "नाइंटी-सेव्हन आठवतं?"

आठवतं. इथेच जिंकायला १२० धावा हव्या होत्या, कर्णधार सचिन होता, आणि आपण सगळे ८१ मध्ये बाद. मी म्हटलं, "मी तेव्हा लहान होतो." बायकोने माझ्याकडे बघितलं, पण परमुलखात तिने काही काढलं नाही.

दुपारचा एक वाजला आणि दाजींना बोट आठवली. ताई म्हणाली, "अहो, अजून जेवायचंय." दाजींनी दाखला दिला: "विश्वचषक जिंकलेला संघ इथून वेळेत निघू शकला नव्हता." हे खरं आहे. बेरिल वादळाने विमानतळ बंद पडला आणि चषकासकट सगळे काही दिवस हॉटेलात अडकले. "त्यांना न्यायला खास विमान आलं," दाजी म्हणाले, "आपल्याला कोण पाठवतंय?"

तेव्हा आम्ही दोनच्या सुमाराला बोटीवर होतो आणि पाचपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. साडेचारला सगळी बोट धक्क्याच्या बाजूच्या कठड्याला लागली. हा क्रूझवरचा एकमेव फुकट खेळ. हातात पेले घेऊन, उशिरा आलेल्यांना धक्क्यावरून धावताना बघायचं आणि टाळ्या वाजवायच्या. त्या दिवशी कोणी धावलं नाही. पाच वाजून गेले तरी शिडी खालीच. मग एक बस आली, गुहेची. तिच्यातून माणसं उतरली, एकमेकांचे फोटो काढले, एकाने परत जाऊन सीटवर राहिलेली टोपी आणली आणि सगळे सावकाश चालत वर आले. थेट पुस्तिकेतल्या पहिल्या चित्रासारखे.

दाजी बघत राहिले. "चाल बघ त्यांची," म्हणाले, "याचे पैसे असतात." आणि सरळ काउंटरवर गेले.

जेवायला आले ते तिकिटं घेऊनच. उद्या सेंट लुशिया. जगातला एकमेव ड्राइव्ह-इन ज्वालामुखी, अशी त्याची जाहिरात.

"जागा आहे का तो?" बायकोने विचारलं.

"वाफा येतात फक्त. गंधकाचं पाणी उकळत असतं. गाडी पार वरपर्यंत जाते."

ताईने वरणाच्या नावाखाली आलेलं सूप ढवळत विचारलं, "आणि पार्किंग?"