म्हातारा ट्रॅक्टर हिवाळ्यात सुरू करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

वऱ्हाडात जुना ट्रॅक्टर कुणी विकत घ्यायला जात नाही; तो सापडतो. दर्यापूरकडे कुणाच्या लग्नाला जावं, मांडवामागे हात धुवावेत आणि गोठ्याला टेकून उभा असलेला लाल इंटरनॅशनल नजरेस पडावा. एक चाक बसलेलं, बॉनेटखाली चिमणीचं घरटं, स्टिअरिंगवर वाळत घातलेली पोती. मालक सांगतो, "चालू हाये भाऊ. फक्त सुरू होत नाई." नवखा माणूस इथं गोंधळतो. जाणकाराला ठाऊक असतं की जुने ट्रॅक्टर दोनच जातींचे असतात : चालू असलेले पण सुरू न होणारे, आणि सुरू होणारे पण न चालणारे. घ्यायचा तर पहिल्या जातीचा घ्यावा. दुसऱ्यात गिअरबॉक्स उघडावी लागते, आणि उघडलेली गिअरबॉक्स पाहायला आलेली माणसं जेवूनच जातात.

कोणत्या कंपनीचा घ्यावा, यावर गावात एकमत होणार नाही. ते होऊ देऊही नये. आधी थोडा इतिहास पाठ करावा, कारण घरच्यांसमोर तोच उपयोगी पडतो. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९च्या एप्रिलमध्ये फरिदाबादला आयशरच्या कारखान्यातून बाहेर पडला. तेव्हा केंद्रात कृषिमंत्री होते आपल्या पापळचे भाऊसाहेब पंजाबराव देशमुख. त्याच वर्षी डिसेंबरात भाऊसाहेबांच्या पुढाकारानं दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, आणि त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले. देशी ट्रॅक्टराच्या बारशाला वऱ्हाडी माणूस यजमान होता, ही गोष्ट मिस्त्रीचं बिल चुकवताना मनात आणावी. बिल कमी होत नाही, पण ते देशकार्यात जमा होतं.

पुढं १९६३ साली महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली, आणि दोन वर्षांत पस्तीस अश्वशक्तीचा बी-२७५ आला. १९७१ पासून एचएमटी पिंजोरला झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बनवू लागली. १९७४ला स्वराज आला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेला, म्हणजे संपूर्ण देशी. शिवाय मद्रासकडचा तीन सिलिंडरचा मॅसी. ही सगळी मंडळी आजही अकोला-अमरावतीच्या शिवारात कुठं ना कुठं उभी आहेत. निवड करताना मात्र एकच कसोटी लावावी : पाच कोसांत त्या ट्रॅक्टराचा मिस्त्री जिवंत आहे का, आणि त्याचे डोळे शाबूत आहेत का. कंपनी नंतर पाहावी.

अमेरिकेत हाच उद्योग फार सोपा आहे. तिथं इंटरनॅशनल हार्वेस्टरनंच १९६१ साली कब कॅडेट नावाचा अंगणात मावेल एवढा छोटा ट्रॅक्टर काढला. लोक तो साठ वर्षं जपतात, हिवाळ्यात पुढं फाळकं लावून दारातला बर्फ ढकलतात आणि आत जाऊन कॉफी पितात. आपल्याकडं बर्फ पडत नाही, त्यामुळं ट्रॅक्टर सुरू करण्याचं कारण स्वतःच शोधावं लागतं. ते पुढं येईलच.

मुहूर्त हिवाळ्याचाच धरावा. पावसाळ्यात काळ्या जमिनीत माणसाचा पायच निघत नाही, तिथं दीड-दोन टनांचं लोखंड घालण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात अकोल्यात लोखंडी सीटवर बसायला वेगळ्या धातूचा माणूस लागतो. हिवाळ्यात सकाळी जरा धुवारी असते, तूर उभी असते, हरभरा घाटे धरत असतो, आणि मुख्य म्हणजे कापूस घरात आलेला असतो. कापूस घरात असणं म्हणजे पैसा घरात असणं नव्हे. पण तो असल्यासारखं वाटतं, आणि जुना ट्रॅक्टर घ्यायला तेवढं वाटणं पुरेसं आहे.

ट्रॅक्टर दारात आला की पहिली चूक म्हणजे तो धुणं. पन्नास वर्षांची माती आणि ग्रीस यांचा थर हा यंत्राचा मूळ भाग समजावा. कित्येक ठिकाणी ऑइलची गळती त्यानंच थोपवलेली असते. दुसरी चूक म्हणजे आधी रंग देणं. रंग दिला की गाव पाहायला येतं, आणि सुरू न होणारा चकचकीत ट्रॅक्टर हा सुरू न होणाऱ्या गंजक्या ट्रॅक्टराहून जास्त अपमान करतो. मडगार्डवर 'जय गजानन' लिहून घ्यायला हरकत नाही. तेवढा आधार पहिल्या दिवसापासून लागतो.

मग पाणी. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरीचं पाणी माणूस पीत नाही, पीक पीत नाही, म्हणून ते रेडिएटरला पाजायचं असा एक समज आहे. त्या पाण्यातले क्षार तापून रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या पोटात बसतात, वाट अरुंद होत जाते, आणि डिसेंबरच्या थंडीतसुद्धा ट्रॅक्टर उकळतो. त्याला पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं गोड पाणी द्यावं. घरात त्यावरून बोलणं होईल. "आमाले प्याले चार दिवसानं नळ, अन् ह्या डबड्याले गोड पाणी!" या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही.

पाण्यानंतर डिझेल. जुन्या टाकीत तळाशी गाळ, पाणी आणि गंज यांचं मिश्रण असतं. ते काढून फिल्टर बदलावा. फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते, आणि आपण या विद्येच्या गाभ्याशी पोचतो. डिझेल इंजिनला ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा पिस्टन दाबतो, दाबानं ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत पंपानं जोरात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्याला साधारण दोनशे दहा अंशांच्या पुढची उष्णता लागते. नळीत हवेचा बुडबुडा असला की पंप डिझेलऐवजी बुडबुडाच दाबत बसतो. म्हणून फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस जाऊन अखंड धार आली की आवळायचा. मग हेच काम पुढं पंपावर, आणि शेवटी नोझलच्या नटांवर. एवढं केल्यावर सेल्फ मारावा.

सुरू होणार नाही.

कारण आता सल्लागार जमलेले असतात. हे प्रकरण जरा नीट समजून घ्यावं, कारण ट्रॅक्टराच्या दुरुस्तीत लोखंडापेक्षा माणसांशी जास्त वेळ जातो. पहिला सल्लागार दुरूनच म्हणतो, "हवा घेतली." तो प्रत्येक ट्रॅक्टराला, मोटरपंपाला आणि एकदा तर गावच्या सोसायटीलाही हवा घेतली म्हणालेला असतो. दुसरा म्हणतो पंप गेला. त्याच्या मेव्हण्याचं पंप दुरुस्तीचं दुकान वलगाव रोडला असतं. तिसरा काहीच सांगत नाही, फक्त जिथं आपण हात घालू तिथं "थांबा, थांबा" म्हणतो. चौथा एचएमटीवाला असतो आणि इंटरनॅशनल सुरू होऊ नये अशी त्याची मनापासून इच्छा असते. या सगळ्यांना चहा द्यावा, पाना देऊ नये. पाना एकदा सल्लागाराच्या हाती गेला की तो भावकीत जातो.

पाचवा माणूस उशिरा येतो. एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले एखादे मामाजी, कानटोपी घातलेले, खोकत आलेले. ते बोलत नाहीत, वास घेतात. धुराड्याच्या तोंडाशी बोट फिरवून पाहतात. त्यांच्याकडून तीन गोष्टी शिकाव्यात. धूर पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर येतंय, म्हणजे इंजिन गार आहे किंवा दाब कमी आहे. निळा असेल तर इंजिन स्वतःचं ऑइल जाळतंय, रिंगा गेल्या. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर क्लिनर उघडा, बहुधा आत उंदराचा संसार असतो. इंजिन सुरू झालं पण लंगडत असेल, तर एकेका नोझलचा नट क्षणभर सैल करायचा. ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीपासूनच कामावर येत नव्हतं. मामाजींचं सगळं ज्ञान या एका युक्तीत आहे, आणि नव्या संगणकवाल्या ट्रॅक्टरांवर माझा एवढाच राग आहे की त्यांच्यापुढं मामाजी नुसते उभे राहतात. तिथं दोष पडद्यावर आकड्यात येतो आणि तो वाचायला कंपनीचा मुलगा मोटरसायकलवरून येतो. म्हाताऱ्या ट्रॅक्टरात काही लपून राहत नाही. प्रत्येक रोगाला आवाज आहे, वास आहे, आणि गावात त्याचा एक वैद्य आहे.

पहाटेची थंडी ही वेगळी परीक्षा. पारा दहाच्या आसपास उतरला की ऑइल घट्ट होतं, बॅटरी मऊ होते, आणि घासलेल्या रिंगांमधून दाब निसटतो; मग हवा हवी तेवढी तापतच नाही. जुन्या इंटरनॅशनलमध्ये यासाठी हीटर प्लग दिलेले असतात. ते चालत असतील तर तुमचा ट्रॅक्टर अजून फार जुना झालेला नाही. नसतील तर रेडिएटरमधून रात्रीचं पाणी काढून कढत पाणी भरावं, बॅटरी रात्री घरात घ्यावी, आणि ट्रॅक्टर संध्याकाळी उभा करतानाच उताराकडं तोंड करून करावा. काही शूर लोक हवेच्या तोंडाशी डिझेलचा पेटता बोळा धरतात. या पद्धतीनं ट्रॅक्टर सुरू होतो हे खरं आहे. त्यामागचा कडबा पेटतो हेही खरं आहे. दार लावलेल्या गोठ्यात "थोडा गरम होऊ द्या" म्हणून इंजिन चालू ठेवू नये. धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि गुरांनाही सांगता येत नाही.

अखेर टोचन. शेजाऱ्याचा नवा ट्रॅक्टर, साखळी, आणि साखळीच्या दोन्ही टोकांना दोन वेगळे स्वभाव. मागच्यानं दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरात क्लच दाबून बसायचं, वेग आला की हळू सोडायचा. पुढच्यानं झटका द्यायचा नाही. मधे कुणी उभं राहायचं नाही, ही सूचना पाच वेळा द्यावी, कारण एचएमटीवाला मधेच उभा असतो.

आणि सुरू झाला! आता घाबरण्याची वेळ. एअर क्लिनरच्या वाटीत खुणेच्या वर ऑइल भरलं असेल तर इंजिन तेच ओढून घेतं आणि डिझेल बंद केलं तरी सुसाट सुटतं, थांबत नाही. अशा वेळी किल्ली शोधू नये, हवेचं तोंड फळीनं बंद करावं. हवा तुटली की सगळं थांबतं, सल्लागारसुद्धा.

आता काम. वरुड, मोर्शी, अचलपूरकडं संत्र्याच्या बागा हे जुन्या ट्रॅक्टराचं हिवाळी कार्यक्षेत्र. आंबिया बहार धरण्यासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडांचं पाणी तोडून ताण देतात आणि ओळींच्या मधे हलकी वखरणी करतात. 'हलकी' शब्दावर जोर द्यावा. संत्र्याच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या बहुतेक वरच्या फूटभर मातीतच असतात. पस्तीस अश्वशक्तीच्या उत्साहानं नांगर खोल घातला तर झाड ताणावर नाही, सुतकावर जातं. बंपर खोडाला घासला की जखमेतून डिंक्या शिरतो. म्हणून एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांचं बोर्डो मलम तयार ठेवावं आणि खोडाला मीटरभर उंचीपर्यंत लावावं. उरलेलं बंपरला लावलं तरी चालेल, रंग बरा दिसतो. छोट्या बागांसाठी पंधरा अश्वशक्तीचे अरुंद ट्रॅक्टर आता मिळतात आणि ते या कामाला खरोखर अधिक बरे आहेत. हे वाक्य घरात मोठ्यानं वाचू नये.

पीटीओवर थ्रेशर किंवा कडबाकुट्टी लावली असेल तर मफलर, शाल आणि धोतराचा सोगा काढून ठेवावा. इथं विनोद नाही. फिरता शाफ्ट कापड धरतो तेव्हा माणसाला हाक मारायलाही वेळ मिळत नाही, आणि असल्या अपघाताचा धोका थंडीत वाढतो, कारण थंडीतच आपण अंगावर एवढं गुंडाळलेलं असतं.

कागदपत्रांचं म्हणाल तर नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी. तपासणीला दिवे लागतात. सकाळी ते दुसऱ्या ट्रॅक्टरचे काढून लावले की संध्याकाळी परत करावेत.

किती दिवस लागतील, हा प्रश्न सगळेच विचारतात. २०२२च्या जूनमध्ये अमरावती ते अकोल्याच्या दरम्यान महामार्गाचा पंचाहत्तर किलोमीटरचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात नोंदवला गेला. त्या हिशेबानं एका वॉटर पंपाचं सील यायला तीन आठवडे का लागावेत, हे मिस्त्रीला विचारावं. तो उत्तर देईल, "त्यायले टेन्डर होतं भाऊ, तुमाले उधारी हाये."

डिसेंबरअखेरीस, भाऊसाहेबांच्या जयंतीच्या सुमारास, अकोल्याला कृषी विद्यापीठात प्रदर्शन भरतं. तिथं अवश्य जावं. नव्या ट्रॅक्टरवर चढून बसावं, पॉवर स्टिअरिंग एका बोटानं फिरवून पाहावं, सगळी पत्रकं घ्यावीत, हप्ता विचारावा आणि परत यावं. परतताना मूर्तिजापूरला चहा घेतला की राग शांत होतो.

एवढं सगळं जमलं की जानेवारीच्या मध्याला एका सकाळी मिस्त्री हात पुसत म्हणेल, "याचा क्राउन आता कोठीच भेटत नाई. एक चालू ठेवाचा असन तं दुसरा मेलेला लागते." तेल्हाऱ्याकडं असा एक त्याच्या पाहण्यात असतोच. तो घ्यावाच लागतो. घरी सांगताना मात्र त्याला ट्रॅक्टर म्हणू नये, 'सामान' म्हणावं. "सामान ठेवान कुठीसा?" असं विचारलं जाईल. जागा एकच आहे, कापसाची खोली. आणि ती रिकामी व्हायची तर कापूस विकावा लागेल, जो भाव वाढल्याशिवाय विकायचा नाही असं दिवाळीला चार माणसांसमोर तुम्हीच सांगितलेलं आहे.