रंगाचा सहावा हात

मेक्सिकोतल्या एका चर्चला एकाच उन्हाळ्यात सहा वेळा रंग दिला गेला. रंग इतक्या लवकर उडत नाही. पण अमेरिकेतून स्वयंसेवकांच्या सहा तुकड्या आल्या होत्या आणि प्रत्येक तुकडीला घरी जाण्यापूर्वी कसलं तरी पुण्य पदरात पाडून घ्यायचं होतं. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने 2008 साली ही हकिगत छापली, तेव्हा सोबत ब्राझीलमधल्या एका अनाथाश्रमाचीही होती. तिथे पाहुण्यांनी मुलांच्या फुटबॉलच्या मैदानातच भिंत बांधली आणि पाहुणे गेल्यावर ती पाडावी लागली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांच्या तेव्हाच्या अंदाजानुसार अमेरिकी चर्चचे 16 लाखांच्या आसपास सभासद वर्षाला अशा परदेशी 'मिशन ट्रिप'वर जात होते. त्यात अख्खी कुटुंबंही असतात. आईबाबा, कानात हेडफोन घातलेली पंधरा वर्षांची मुलगी, सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाचे टी-शर्ट आणि नातेवाइकांना पत्रं पाठवून गोळा केलेला प्रवासखर्च.

सोबत कधी कधी शब्द नसलेलं एक पुस्तकही असतं. काळं पान पापाचं, लाल येशूच्या रक्ताचं, पांढरं शुद्ध झालेल्या मनाचं, सोनेरी स्वर्गाचं. लंडनचे प्रसिद्ध प्रवचनकार स्पर्जन यांनी 1866 साली याची मूळ कल्पना मांडली, आणि तिचा मोठा गुण असा की समोरच्याची भाषा शिकावी लागत नाही. फादर स्टीफन्स यांना ही सोय नव्हती. ते 1579 साली गोव्यात आले, इथली बोली शिकले आणि 1616 साली हजारो मराठी ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापून मोकळे झाले. गॉर्डन हॉल अमेरिकेहून 1813 साली मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत धाडायची तयारी चालवली होती. ते राहिले, मराठी शिकले आणि 1826 साली नाशिकजवळ प्रचाराला फिरत असताना पटकीने वारले. त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल कुणाचं काहीही मत असो, माणूस परतीचं तिकीट काढून आलेला नव्हता, एवढं तरी मान्य करावं लागतं.

तर मग हा दहा दिवसांचा प्रचार नेमका कुणासाठी? ही कुटुंबं जातात ती बरेचदा ग्वाटेमालाला, होंडुरासला, केनियाला, म्हणजे जिथे बहुसंख्य लोक आधीच ख्रिस्ती आहेत तिथे. जगातले साठ टक्क्यांहून अधिक ख्रिस्ती आज आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत राहतात. उलट प्यू संस्थेच्या पाहणीत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे अमेरिकी प्रौढ 2007 साली 78 टक्के होते, ते 2023-24 मध्ये 62 टक्क्यांवर आले, आणि गळती तरुणांत सर्वांत जास्त आहे. हिशेब पाहिला तर हे पंढरपुरात जाऊन विठोबा समजावून सांगण्यासारखं झालं. पण आईबाप खुळे नाहीत. ज्या जिवाची त्यांना काळजी आहे तो होंडुरासमध्ये राहत नाही. तो विमानात शेजारच्या सीटवर हेडफोन लावून बसलेला असतो. घरी जेवणाच्या टेबलावर श्रद्धेचा विषय काढला तर मुलगी डोळे फिरवून उठून जाते. परक्या गावात, दुभाष्याला मध्ये घेऊन, अनोळखी माणसांसमोर आई उभी राहून साक्ष देते, तेव्हा मात्र मुलीला ती ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं. अख्खं गाव श्रोता म्हणून मांडून ठेवलेलं असतं, प्रवचन एकीसाठीच.

आपली श्रद्धा मुलांच्या हाती सोपवावीशी वाटणं यात गैर काहीच नाही. आमची तक्रार आहे ती बिल कुणाच्या नावे फाडलं जातं याबद्दल. कर्ट व्हर बीक हे स्वतः ख्रिस्ती संस्थेत शिकवणारे, होंडुरासमध्येच राहणारे समाजशास्त्रज्ञ. 1998 साली मिच वादळाने तिथली घरं उद्ध्वस्त केली, त्यानंतर झालेल्या घरबांधणीचा त्यांनी अभ्यास केला. पाहुण्या तुकडीने बांधलेल्या घराला प्रवासासकट सरासरी 30 हजार डॉलर पडत होते. तसंच घर स्थानिक संस्था 2 हजारांत उभं करत होती. घर कुणी बांधलं यामुळे त्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. म्हणजे 28 हजार डॉलर घरावर खर्च झालेच नाहीत. ते संस्कारांवर झाले.

यावर लगेच सांगितलं जातं की मुलं तिथून बदलून येतात. येतातही, निदान तसं म्हणतात तरी. व्हर बीक यांच्या पाहणीत परतलेल्या अनेकांनी आपण आता अधिक दान करतो असं सांगितलं. देणग्यांच्या नोंदवह्यांना या हृदयपरिवर्तनाची फारशी खबर नव्हती. दुसरं म्हणणं असं की स्थानिक लोक आनंदाने स्वागत करतात, मग तुमचं काय जातं? खरंच काही जात नाही. पण पाहुण्यांबरोबर देणगीही येते हे माहीत असलेला पाद्री 'भिंत नुकतीच रंगवली आहे' असं कोणत्या तोंडाने सांगणार? आणि गावात हॉटेलवाल्याला, बसवाल्याला चार पैसे मिळतात हा युक्तिवाद खरा असला, तरी त्याला पर्यटन म्हणतात. कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच यांनी 1968 साली मेक्सिकोत जमलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांना तोंडावर हेच सुनावलं होतं: बघायला या, शिकायला या, डोंगर चढा, फक्त मदत करायला येऊ नका.

'आणि तुमचे लोक?' असा तिसरा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. न्यू जर्सीचं मराठी कुटुंबही उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाची मुंज लावायला पुण्याला येतंच. हेतू अगदी तोच: तिथे हातातून निसटत चाललेलं पोर इथल्या चार माणसांत बसवून, मंत्र म्हणवून, आपल्यात ठेवायचं. मुलाला सोवळं कळत नाही, गुरुजींचं संस्कृत आईबापांनाही कळत नाही. पण हे कुटुंब कार्यालयाचं भाडं आणि केटररचं बिल स्वतः भरतं, आणि या निमित्ताने पुण्याचा उद्धार झाला असं परत गेल्यावर कुणाला सांगत नाही. सांगितलं तर पुणेकर काय उत्तर देतील ते त्यांना ठाऊक असतं. तेव्हा आमची मागणी माफक आहे. नातेवाइकांना पाठवायच्या पत्रात सरळ लिहावं: 'आमची मुलगी चर्चला येईनाशी झाली आहे, तिला श्रद्धाळू माणसं दाखवायला होंडुरासला नेतो आहोत, कृपया हातभार लावावा.' आम्हाला वाटतं, आत्यामावश्या यावर जास्तच पैसे देतील.

खरं तर श्रद्धाळू माणसंच दाखवायची असतील तर चौघांनी तिकडे उडण्यापेक्षा तिथल्या एकाला इकडे बोलावणं स्वस्त पडेल. होंडुरासच्या एखाद्या पाद्रीबाईंनी ओहायोत दहा दिवस राहावं आणि हेडफोन लावलेल्या पिढीला साक्ष द्यावी. गरज तिथेच आहे, असं आकडे सांगतात. अडचण किरकोळ आहे. अमेरिकी कुटुंबाला होंडुरासला जायला व्हिसा लागत नाही. पाद्रीबाईंना मात्र तेगुसिगाल्पाच्या वकिलातीत 185 डॉलर भरून मुलाखतीची तारीख घ्यावी लागेल, हे पैसे नकार मिळाला तरी परत मिळणार नाहीत, आणि खिडकीमागच्या अधिकाऱ्याला पटवावं लागेल की आपण परत येणार आहोत. तुमच्या मुलांना देव समजावून सांगायला जाते आहे, हे कारण त्याला कितपत पटेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.