खात्री नसेल तर 'एन' म्हणा

१९९०च्या दशकात लिनक्सवर सीडी चालवायची म्हणजे आधी पत्रिका जुळवावी लागे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः कंपाइल करायचं आणि प्रश्नपत्रिका सोडवायची: ड्राइव्ह सोनीचा? मित्सुमीचा? पॅनासोनिकचा? उत्तरं तीनच. 'वाय', म्हणजे ड्रायव्हर कायमचा घरात. 'एम', म्हणजे लागेल तेव्हा बोलावू. 'एन', म्हणजे दारातूनच नमस्कार.

पॅनासोनिकवाल्यांना तोंडी परीक्षाही असे. 'एसबीपीसीडी' या त्यांच्या ड्रायव्हरच्या हेडर फाइलीत पोर्टचा पत्ता आणि ड्राइव्ह जोडलेल्या कार्डाचं कूळ हातानं लिहायचं: अस्सल साउंड ब्लास्टरला १, लेझरमेटला ०. नाही लिहिलं, तर ड्रायव्हर पत्ता विचारत दारोदार हिंडे आणि वाटेत एखाद्या गरीब नेटवर्क कार्डाची झोपमोड करी.

एवढं करून सीडीवरच्या आयएसओ ९६६० फाइल सिस्टिमला 'वाय' म्हणायचं राहिलं, की ड्राइव्ह सापडे, तबकडी गरगरे, वाचता मात्र काहीच येत नसे. पंगत बसली, वाढपी आला, पानंच नाहीत!

या प्रश्नांसोबतच्या मदतीतला सल्ला ठरलेला: खात्री नसेल तर 'एन' म्हणा. २००७ मध्ये हे जुने ड्रायव्हर कर्नलमधून काढले गेले. पुढे लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्हच गेला. अखेर आपल्या वतीनं जगानंच 'एन' दाबलं.