भीमाकाठचे हॉप्स

परदेशातले हौशी लोक घरी गाळलेल्या व्हिस्कीत हॉप्सची फुलं घालून बघतात. बिअरला कडवटपणा देतात ती हीच. गाळताना कडूपणा भांड्यातच राहतो, वर चढतो नुसता वास. आणि एवढ्यावर ते प्रयोगशील!

शिरूर-दौंडच्या संशोधकांची दखल कोण घेणार? घोड आणि भीमेच्या काठी, वेड्या बाभळींच्या आडोशाला त्यांच्या प्रयोगशाळा. ड्रममध्ये काळा गूळ, बाभळीची साल आणि नवसागर. कल्हईवाला भांडी लखलखीत करायला वापरतो तोच नवसागर, इथे आतड्यांना. मळीच्या दारूला युरोप व्हिस्की मानत नाही, आपल्याकडे मात्र मळीचाच मद्यार्क मिसळून 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' होतं. ऊस तोच, मग हातभट्टीवाल्यानेच काय घोडं मारलंय?

गुणवत्ता तपासणीही चोख. पथक येतं, ड्रम फोडतं, नमुना सीलबंद करतं, उरलेलं रसायन जागीच ओततं.

आता भौगोलिक मानांकनाचा अर्ज करावाच. लेबलवर वर्षाऐवजी गुन्हा रजिस्टर नंबर छापावा. एखादी स्कॉच १८ वर्षं मुरते. १९४९च्या दारूबंदी कायद्याखालचे खटलेही काही कमी मुरत नाहीत. लाकडी पिंपातून दरवर्षी थोडी दारू हवेत उडते, तिकडे तो देवदूतांचा वाटा समजतात. आपले देवदूत वर्षभर थांबत नाहीत. एक तारखेला मोटारसायकलवरून येतात, आणि सुटे पैसे घेत नाहीत.